घराला तडा गेला, आता दाद कुठे मागायची?

एप्रिल सरत आला की वर्धा जिल्ह्यातली काळी शेते उलतात. काही भेगा इतक्या रुंद असतात की त्यांत हाताचा पंजा सहज जातो. हीच माती नालवाडी, पिपरी मेघे, सिंदी मेघे आणि बोरगाव मेघेच्या लेआऊटमधल्या घरांखाली आहे. तिथल्या एखाद्या चार-पाच वर्षांच्या घरात उन्हाळ्यात गेलात तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढलेली चीर दिसेल. पावसाळ्यात ती मिटल्यासारखी वाटते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते, थोडी अधिक रुंद होऊन.

मग बोलाचाली सुरू होते. घरमालक म्हणतो, ठेकेदाराने सिमेंट खाल्ले. ठेकेदार म्हणतो, माझे काम चोख आहे, तुमची जमीनच खराब. इंजिनिअर म्हणतो, मी फक्त नकाशा काढून दिला, देखरेखीचे पैसे कुणी दिले होते? तिघेही आपापल्या परीने खरे असू शकतात. बँकेचा हप्ता मात्र एकट्या घरमालकाच्या खात्यातून कापला जातो, पुढची पंधरा-वीस वर्षे.

अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवते, ‘महारेराकडे तक्रार टाका ना भाऊ.’ सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या दाराकडे पाठवतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावात आजही मोठा वर्ग बिल्डरकडून तयार सदनिका घेत नाही. आधी प्लॉट घेतो, दोन-चार वर्षांनी पैसे जमले की ठेकेदाराला काम देतो. म्हणजे घर एक असले तरी कायद्याच्या नजरेत तिथे तीन वेगळे व्यवहार असतात: जमिनीची खरेदी, बांधकामाची परवानगी आणि प्रत्यक्ष बांधकाम. तिन्हींवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा वेगळ्या आणि भांडण सोडवणाऱ्याही वेगळ्या. एवढे ओळखता न आल्याने चांगल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांची वर्षे वाया जातात.

जमिनीपासून सुरुवात करू. विदर्भात प्लॉटच्या जाहिरातीत ‘एनए-टीपी’ हा शब्द असतोच. एनए म्हणजे जमीन अकृषिक झालेली, टीपी म्हणजे नगर रचना विभागाने लेआऊटचा नकाशा मंजूर केलेला. मंजूर नकाशात रस्त्यांची रुंदी ठरलेली असते. जमीन ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. हे नसलेला, शेताचा तुकडा साध्या कागदावर लिहून दिलेला ‘प्लॉट’ स्वस्तात मिळतो, पण १९४७ चा तुकडेबंदी कायदा तिथे आडवा येतो आणि रजिस्ट्री अडते. गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढवली गेली. तरी ती झालेल्या चुकीवरची मलमपट्टी आहे. तिच्या भरवशावर आज नवा तुकडा विकत घेणे धोक्याचे.

लेआऊट पाडून प्लॉट विकणारा मात्र महारेराच्या कक्षेत येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे महारेरा, स्थापन झाले. मुख्यालय मुंबईत आणि आपल्याला जवळचे कार्यालय नागपूरला. या कायद्यात ‘प्रकल्प’ म्हणजे फक्त इमारत नव्हे, जमिनीचे भूखंड पाडणेही त्यात धरले आहे. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असली किंवा गाळे ८ हून जास्त नसले तर नोंदणीची सक्ती नाही. त्यापुढे नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही आणि बयानाही घेता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. मोबाइल त्यावर धरला की प्रकल्पाची नोंद, मंजूर नकाशा, जमिनीवरचा बोजा, पूर्ण करण्याची तारीख असे सगळे उघडते. आठवडी बाजारात वांगी दाबून बघणारा माणूस दहा लाखांच्या प्लॉटसाठी एवढे दोन मिनिटांचे काम करत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

महारेराची ताकद त्याच्या काही साध्या नियमांत आहे. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायची. लेखी नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष आढळला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. ताब्याची तारीख चुकली तर ग्राहकाने व्याजासह पैसे परत मागायचे किंवा थांबून दर महिन्याचे व्याज घ्यायचे. आणि जमिनीच्या मालकीतच खोट निघाली तर नुकसानभरपाई मागायला कालमर्यादेची अट नाही. प्लॉट घेणाऱ्यांसाठी हे शेवटचे कलम सोन्यासारखे आहे, कारण मालकीतली खोट बहुधा दहा-पंधरा वर्षांनी, वारसांच्या भांडणातच बाहेर येते.

महारेराकडे सलोखा मंचही आहे. २०१८ पासून ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक असे दोन प्रतिनिधी एकत्र बसून दोन्ही बाजूंना तडजोडीपर्यंत आणतात. सामंजस्य झाले नाही तर रीतसर सुनावणी होते. आदेशावर ६० दिवसांत अपील करता येते, मात्र बिल्डरला आधी रक्कम भरावी लागते. आदेश पाळला नाही तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. म्हणजे नागपूर-मुंबईत निघालेला आदेश शेवटी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलदारांच्या टेबलावर येतो. माझ्या मते या साखळीतली सर्वांत नाजूक कडी हीच. निवडणूक, पीक पंचनामे आणि अतिवृष्टी यांच्या ओझ्याखाली असलेल्या तहसील कार्यालयात वसुलीची फाइल स्वतःहून हलत नाही. आदेश हातात आल्यावर घरी बसू नये, तहसीलमध्ये जाऊन जावक-आवक क्रमांक घेत राहावे.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो. नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या हद्दीत परवानगी तीच संस्था देते. गावात गावठाणाच्या आत ग्रामपंचायत, गावठाणाबाहेर जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातले महसूल कार्यालय, नगर रचना विभागाच्या शिफारशीने. या सगळ्याचा पाया १९६६ चा प्रादेशिक व नगर रचना अधिनियम आणि डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. वर्धा शहर वाढले ते मुख्यतः शेजारच्या ग्रामपंचायतींत, त्यामुळे इथे एक गैरसमज पक्का बसला आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरटॅक्सची पावती असली की बांधकाम कायदेशीर झाले, असा. तो कर आकारणीचा कागद आहे. परवानगी नव्हे. घर विकायला काढले किंवा मुलाच्या शिक्षणासाठी तारण ठेवायचे झाले की बँक मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागते, तेव्हा हा फरक कळतो. शेजाऱ्याने तुमच्या बाजूची मोकळी जागा खाऊन भिंत उचलली तर तक्रारही याच नियोजन प्राधिकरणाकडे करायची. अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस देऊन बांधकाम पाडण्याचा अधिकार त्यांना आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, भिंतीतल्या चिरेकडे. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतले तर महारेरा काही करू शकत नाही, कारण तिथे विकणारा कुणी नाही. पण यामुळे हातपाय गाळायचे कारण नाही. वर्ध्यात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, ज्याला लोक अजून ‘ग्राहक मंच’च म्हणतात. १९९३ साली ग्राहक कायद्यातल्या ‘सेवे’च्या व्याख्येत घरबांधणी हा शब्द घालण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घर बांधून देणे ही सेवाच आहे आणि त्यातली हयगय ही सेवेतली त्रुटी आहे, असे स्पष्ट केले. पुढे २०१२ मध्ये विकसित लेआऊटमधले प्लॉट विकण्यालाही न्यायालयाने हाच न्याय लावला. आणि २०२० मध्ये सांगितले की रेरा कायदा आला म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. बिल्डरकडून घेणाऱ्याला दोन्हींपैकी एक निवडता येते.

आयोगात जाणे परवडणारे आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १००० रुपये. ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगच ऐकतो. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करायची सोय झाली, त्यामुळे ठेकेदार नागपूरचा असला तरी आर्वीचा माणूस वर्ध्यातच जाईल. वकील लावलाच पाहिजे असे नाही. १९१५ ही ग्राहकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अट एकच, पण कडक: वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. चीर दिसते, ठेकेदार ‘या दिवाळीनंतर बघतो’ म्हणतो, मग ‘पाऊस उघडला की’ म्हणतो, आणि अशा तीन दिवाळ्या जातात. म्हणून चीर दिसली त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. माणुसकी सोडू नका असे सांगणारे भेटतील, पण पत्र पाठवल्याने माणुसकी कमी होत नाही.

इथे एक खाच आहे आणि ती वर्धेकडच्या पद्धतीला नेमकी लागू पडते. आपल्याकडे काम तीन तऱ्हांनी दिले जाते. मटेरियलसकट चौरस फुटाच्या भावाने. नुसत्या लेबर रेटने, म्हणजे सिमेंट, सळाख, रेती, गिट्टी मालकाने आणायची आणि ठेकेदाराने माणसे लावायची. किंवा मिस्त्री आणि रेजा रोजंदारीवर ठेवून. पहिल्या दोन तऱ्हांत ठेकेदार आपल्या कौशल्याने काम करून देतो, ती सेवा आहे. तिसऱ्या तऱ्हेत मालक सांगतो तसे मिस्त्री करतो, तेव्हा ते नोकरीसारखे नाते होते आणि कायदा त्याला ‘सेवे’तून वगळतो. हा फरक १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या प्रकरणात उलगडून दाखवला. लेबर रेटच्या कामात तर आणखी एक गुंता होतो: रेती मालकाने मातकट आणली की ठेकेदाराने मिश्रण कमी-जास्त केले, हे सिद्ध कोण करणार?

इथेच काळी माती पुन्हा आडवी येते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि सुकले की आक्रसते. कपाशीला हेच मानवते, कारण ओल धरून राहते; भिंतीला मानवत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या खांबांचा पाया रुजवला. साधारण साडेतीन मीटर खाली ऋतूनुसारची हालचाल जवळजवळ थांबते, असा त्यामागचा हिशेब. आपल्याकडचे जाणते मिस्त्री ‘मुरूम लागेपर्यंत खोदा’ म्हणतात, त्यातही तेच शहाणपण आहे. म्हणजे ‘जमीन खराब’ ही सबब ठेकेदाराला पुरत नाही. जमीन काळी आहे हे काम घेताना त्याला दिसत होतेच.

पण पाया किती खोल नेला हे जोत्यावर भिंत उभी राहिली की कुणालाच दिसत नाही. तेव्हा खड्डा उघडा असताना त्यात टेप सोडून काढलेला फोटो हा पुढे दहा साक्षीदारांच्या तोलाचा पुरावा ठरतो. तसेच सळाखा बांधल्यावर स्लॅब ओतण्याआधीचा. तसेच पाणी मारण्याचा. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर किमान १० दिवस ओल टिकवायची. कोरड्या, कडक उन्हात त्याहून अधिक. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाइप मारून भागत नाही, स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे लागते. पाणी कुणी मारायचे हे ठरलेले नसते, आणि नंतर आयोगासमोर दोघेही ‘ते त्यांचे काम होते’ म्हणतात. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही, घर बांधलेल्या कोणालाही विचारा.

आयोगाला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. काँक्रीटची ताकद हातोड्यासारख्या यंत्राने वरून अजमावता येते, किंवा त्याचा नळीसारखा तुकडा काढून नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेत तपासता येतो. तपासणी लागणाऱ्या प्रकरणाचा निकाल ५ महिन्यांत आणि एरवी ३ महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त जातो. गुंता फार मोठा असेल तर आयोग दिवाणी न्यायालयात जा असे सांगू शकतो. तिथे मुदत सहसा ३ वर्षांची आणि न्यायालय स्वतःचा कमिशनर पाठवून जागेची पाहणी करवू शकते. लोकअदालतीचा रस्ताही आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ती भरवते, तिथला निवाडा अंतिम असतो आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. महिलांना तर उत्पन्न कितीही असो, या प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. घर बायकोच्या नावावर असलेल्या अनेक कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे.

खराब काम करणाऱ्या गवंड्याला जबाबदार धरायची कल्पना काही आजची नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाने कोरून ठेवलेल्या कायद्यांत, भिंत झुकली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने पक्की करून द्यावी असे कलम आहे. आज ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात घरे बांधणाऱ्याला सरकारी आयोगाचा परवाना लागतो आणि घरासोबत विमाही येतो. आपल्याकडे वीजजोडणी करणाऱ्याला परवाना लागतो. स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणाऱ्याला १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, त्याच्या गैरवर्तनाची तक्रार वास्तुकला परिषदेकडे करता येते. पण पूर्ण घराचे काम घेणाऱ्या खासगी ठेकेदाराला कसलीच परीक्षा नाही. कायद्याच्या जाळ्यातले हे मोठे भोक आहे, आणि ते बुजवायला हवे असे माझे ठाम मत आहे.

तोवर सरकारी कामातली एक गोष्ट घरी आणता येते: मोजमाप पुस्तिका. सार्वजनिक बांधकाम विभागात मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही. घरमालकानेही साधी शंभर पानी वही ठेवावी. कोणत्या दिवशी किती ब्रास रेती आली, कोणते सिमेंट, किती बॅगा, कोणता टप्पा झाला, किती पैसे दिले, आणि प्रत्येक नोंदीखाली दोघांची सही. करारात पायाची खोली, सळाखेचा व्यास, पाणी मारण्याची जबाबदारी आणि शेवटी राखून ठेवायची रक्कम लिहावी.

ही वही ठेकेदारालाही वाचवते. त्याचीही बाजू आहे आणि ती फारशी कुणी ऐकत नाही. मालक मध्येच गच्चीवर एक खोली वाढवतो, किचनचा ओटा दोनदा तोडतो, आणि शेवटच्या बिलाच्या वेळी ‘एवढे कुठे ठरले होते?’ म्हणतो. ठेकेदाराला ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण तो ग्राहक नाही. दिवाणी न्यायालयात १८७२ च्या करार कायद्यातले कलम ७० त्याच्या मदतीला येते: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेतला असेल तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. लहान उद्योगांची थकलेली बिले वसूल करून देणारी सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषद हा सोपा रस्ता वाटतो. पण वर्धा नगर परिषद आणि एका ठेकेदाराच्या वादातच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले की माल आणि मजुरी एकत्र असलेले बांधकामाचे कंत्राट त्या कायद्यात बसत नाही. ज्या ठेकेदाराच्या करारात लवादाचे कलम असेल त्याला १९९६ च्या लवाद कायद्याचा आधार आहे. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी झालेल्या कायद्याने बांधकामाचा वाद तात्पुरता तरी २८ दिवसांत निकाली काढण्याची सोय केली, जेणेकरून काम थांबू नये आणि पैसा फिरत राहावा. आपल्याकडे अशा छोट्या मुदतीचा विचार व्हायला हवा.

भिंतीशी नाते असलेला तिसरा माणूस या सगळ्या भांडणात कुठेच नसतो. भर दुपारी स्लॅबवर पाणी मारणारा, डोक्यावर गिट्टीचे घमेले वाहणारी. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर सुरू झाला आणि त्यातून इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात: मुलांच्या शिक्षणाला मदत, बाळंतपण, आजार, अपघाती मृत्यू. नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ठेकेदार देऊ शकतो, ग्रामसेवकही देऊ शकतो. घराचे काम तीन-चार महिने चालले तर तेवढे दिवस एकाच जागी भरतात. कुणाची किती हजेरी झाली हेही मालकाच्या त्या शंभर पानी वहीत लिहून ठेवता येते.